निलंग्याच्या ताई

विजयश्रीला नुसतं ‘हॅलो’ म्हटलं तरी पुरे. तेवढ्यावर ती समोरच्याचं गाव सांगायची. गाव चुकलं तर निदान तालुका तरी बरोबर यायचाच. ही विद्या तिला कुठल्या कॉलेजात मिळाली नव्हती. चिंचवडच्या गावठाणात तिच्या आईवडिलांची खानावळ होती. कंपनीत लागलेली एकटी पोरं तिथं जेवायला यायची. कुणी जालन्याचं, कुणी कणकवलीचं, कुणी साक्रीचं. ही वाढायला असायची. आमटी मागायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी, आणि पोरीचा कान तिखट. मोठी झाल्यावर त्या कानानंच तिला नाव मिळवून दिलं.

ताथवड्याच्या एका कॉलेजच्या इमारतीत ‘रेडिओ शेजार’ चालायचा. त्यावर विजयश्रीचा सकाळचा कार्यक्रम. रस्त्यातले खड्डे, पाण्याच्या वेळा, निवडून आल्यावर गायब झालेले नगरसेवक असं काहीही. गुरुवारी डॉक्टर यायच्या आणि लोक फोन करून दुखणीखुपणी विचारायचे. फोन ठेवता ठेवता मात्र खेळ ठरलेला. विजयश्री विचारायची, “ओळखू का गाव?” या कारखान्यांच्या पट्ट्यात कुणी कुणाला आधी नाव विचारत नाही. टपरीवर असो, कंपनीच्या गेटवर असो, पहिला प्रश्न ‘गाव कुठलं?’ हाच. सगळेच बाहेरून आलेले, त्यामुळे गाव ओळखलं की माणसाला बरं वाटतं. तिनं ‘तुम्ही भूमकडचे’ म्हटलं की पलीकडचा गडी खूश. रावेतच्या सोसायट्यांपासून चाकणच्या कँटीनपर्यंत बाया मोबाईलवर हा कार्यक्रम लावून ठेवायच्या. पोळ्या लाटता लाटता पैजा लावायच्या म्हणे.

निवडणुकीच्या दिवसांत तर एका उमेदवारानं तिला आपल्या मेळाव्याला बोलावलं होतं. मतदारांची गावं ओळखून दाखवा म्हणाला. त्याला गावाशी नाही, मतांच्या गठ्ठ्याशी कर्तव्य होतं, हे तिला कळत होतं. तरी हार घालून घ्यायला ती गेलीच. कौतुक कुणाला नको असतं?

तर असाच एक गुरुवार. स्टुडिओत डॉक्टर श्रद्धा, काचेपलीकडे फोन घेणारा बुद्धरत्न. एका बाईचा फोन लागला. आवाज इतका दबका की बुद्धरत्ननं बटण वर सरकवलं.

“नाव सांगणार न्हाई मी,” बाई म्हणाली. “मला टीबी झालाय. सरकारी गोळ्या खाऊलाले. खोकला थांबलाय. तिथले डॉक्टर म्हणाले, आता कामाला जा. पर मी कँटीनमदी सैपाकाचं काम करलाले. तितं सांगू का नको, हेच कळंना झालंय. सांगितलं तर काढतेत बगा.”

डॉक्टर श्रद्धांनी छान समजावलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनीच कामाला जा म्हटलंय, तर निश्चिंत जा. तुमच्यापासून कुणाला धोका नाही. कुणाला सांगायची सक्ती नाही. गोळ्या तेवढ्या मध्येच सोडू नका. बाईचा श्वास सुटलेला रेडिओवरसुद्धा ऐकू आला. फोन इथंच ठेवला असता तर ही गोष्टच झाली नसती.

पण जित्याची खोड. “ताई, नाव नका सांगू,” विजयश्री लाडात म्हणाली. “पण गाव मी ओळखणार हं!”

“नगं ताई, ऱ्हाऊ द्या.”

“अहो, लाजता काय! ‘करलाले’ म्हणालात तेव्हाच धरलं मी. लातूर जिल्हा. आणि त्यातही... निलंगा! बरोबर की नाही?”

फोन कट झाला. विजयश्रीनं काचेकडे बघून खूण केली. टाळ्यांचं बटण दाबायला बुद्धरत्ननं जरा वेळच लावला. मग टाळ्या वाजल्या, आणि त्यावर ती हसत म्हणाली, “लाजल्या बघा आमच्या निलंग्याच्या ताई!”

डॉक्टर श्रद्धा हसल्या नाहीत. ते विजयश्रीच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल तर तिनं ते मनावर घेतलं नाही.

रेडिओ स्टेशनच्या पोरांनी त्या फोनचाच तुकडा कापून रील केली. ती अशी पसरली की विजयश्रीच्या भाच्यानं नाशकाहून फोन केला. आठवडाभर विजयश्री हवेत होती. गिरणीवाला दळण आधी देऊ लागला. आपण एका आजारी बाईवर हसलो, असं एकदाही तिच्या मनात आलं नाही, आणि पुढं तिला सगळ्यात जास्त हेच खात राहिलं.

पुढच्या आठवड्यात गाणं चालू असताना बुद्धरत्ननं काचेवर टकटक केलं. “हा कॉल हवेवर नको,” तो म्हणाला. “तुम्ही एकट्याच ऐका, ताई.”

चाकणच्या एका कँटीनमधली बाई होती. आवाजात नुसता आनंद. “ताई, लई उपकार झाले बघा तुमचे! नाहीतर आम्हाला कळलंच नसतं. आमच्यात निलंग्याची एकच, केसरबाई. तुम्ही गाव बोलला आणि सगळ्यांच्या माना एकदम तिच्या रिकाम्या पाटाकडं वळल्या. त्या दिवशी रजेवर होती ना! ठेकेदारानं दुसऱ्या दिवशी दारातूनच परत लावून दिलं. खोलीवालीनंबी सामान बाहेर काढलं. आता तिकडं चिखलीला गेलीय म्हणे, माझ्या पुतण्याच्याच टेम्पोतून. वाचवलंत हो आम्हाला.”

विजयश्री ‘हो, हो’ म्हणत राहिली. तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर ती रील आधी काढून टाकली पाहिजे, नाहीतर लोक आपल्याला नावं ठेवतील. केसरबाई त्यानंतर आठवली. हा क्रम तिचा तिलाच कळला आणि तिचे कान तापले. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते तिला त्या खुर्चीत बसल्याबसल्या समजलं.

रील काढली. पण लोकांच्या मोबाईलमधून कशी काढणार? “उद्या हवेवर माफी मागते,” ती म्हणाली.

“म्हणजे तीच बातमी परत,” बुद्धरत्न म्हणाला. “टाळ्या मीच वाजवल्यात, मलाही झोप नाही. तुम्ही जाऊन भेटा, ताई.”

त्यानं त्या कँटीनवालीच्या पुतण्याकडून पत्ता काढला. दुपारी विजयश्री चिखलीला गेली. भंगाराच्या गोदामांमागं पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. नळावर एक तरुण बाई बादली भरत होती. विजयश्रीनं विचारलं, “केसरबाई इथंच राहतात का?”

बाईनं बादली सोडली. “अगं बाई! हा आवाज... तुम्ही रेडिओवरच्या विजयश्रीताई!” तिनं तिथूनच हाळी दिली. बघता बघता चार बाया जमल्या. विजयश्री माफी मागायला तोंड घेऊन आली होती. त्या तोंडातला आवाजच गावभर ओळखीचा आहे, हे तेवढं विसरली होती. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

टोकाच्या दारात एक सडपातळ बाई येऊन उभी राहिली. दोघींनी एकमेकींना कधी बघितलं नव्हतं. केसरबाईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“रुपाली नाव माझं,” बादलीवाली म्हणाली. “पण ताई, केसरबाईंची न् तुमची ओळख कशी काय?”

उत्तर केसरबाईनंच दिलं, सावकाश, शब्द वेचत वेचत. “माझी आतेबहीण आहे ती.”

“म्हणजे ताई, तुम्हीपण जुन्नरच्या?” रुपालीनं विचारलं.

जुन्नर! विजयश्रीनं केसरबाईकडं पाहिलं. ती जमिनीकडं बघत होती. “हो,” विजयश्री म्हणाली. “जुन्नरच्याच.”

मग पाहुणचार झाला. आत चटईवर सगळ्या दाटीवाटीनं बसल्या, केसरबाईनं चहा टाकला. रुपालीचा उत्साह मावेना. सोमवारपासून ती केसरबाईला आपल्याच मेसमध्ये पोळ्यांना लावणार होती. “मालकीणबाई कुणालाही घेत नाहीत हो. पण मी म्हटलं, जुन्नरची आहे, शेजारी राहते, माझी जबाबदारी.” आणि बोलता बोलता तिनं मोबाईल काढला. “केसरबाई, तुमच्या बहिणीची ती रील बघितली का? ती टीबीवाली!”

‘करलाले’ हा शब्द त्या खोलीत, तिच्याच खोलीत, मोबाईलमधून आला. केसरबाईचा हात चहाच्या पातेल्यावर तसाच थांबला. आता कुणीतरी मान वळवणार, या भीतीनं विजयश्री मोठमोठ्यानं हसायला लागली. रीलमधला आवाज आपल्या हसण्यानं बुडवायचा होता तिला. “बंद कर गं, लाज वाटते मला स्वतःला ऐकायची!” ती म्हणाली. एवढं खरं वाक्य ती महिन्यात बोलली नव्हती, आणि सगळ्या त्यावर खिदळल्या. केसरबाईही तोंडाला पदर लावून हसली. तिचे डोळे कोरडे होते. त्यांत रागसुद्धा नव्हता, आणि विजयश्रीला वाटलं, एक शिवी तरी दिली असती हिनं. तुमचा खेळ होतो न् आमचा जीव जातो, एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं.

निघताना केसरबाई तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. बहिणीला सोडायला जावंच लागतं. गोदामाच्या आडोशाला आल्यावर विजयश्रीनं हात जोडले. “केसरबाई, माझ्या हातून...”

“ते ऱ्हाऊ द्या.” केसरबाईनं मागं वळून कुणी नाही ना ते बघितलं. “आता काय फायदा? रडू नका, बाया बघतेत. मला एक सांगा. तुमाला लगीच कळतंय म्हणून इचारते. मघाशी आत मी समद्यांशी बोललाले हुते न्हवं? तवा वळखू येत हुतं का, निलंग्याचं?”

येत होतं. पहिल्या शब्दापासून येत होतं. ‘आहे’ म्हणायला ती अडखळली तेव्हाही आलं, ‘बसा’ म्हणाली तेव्हाही आलं. खोटं बोलून समाधान देता आलं असतं. पण सोमवारी मेसमध्ये बारा बाया असणार, आणि त्यांतली एखादी लातूरकडची निघालीच तर? सगळ्या बाजूंनी नागडं झाल्यासारखं वाटलं विजयश्रीला.

“येतं,” ती खाली बघत म्हणाली.

“मंग कुठं येतं ते सांगा की.”

विजयश्रीनं सांगितलं. ‘करलाले’ म्हणू नका, ‘करतेय’ म्हणा. ‘बघतेत’ नाही, ‘बघतात’. ‘सैपाक’ नाही, ‘स्वयंपाक’. केसरबाई मान हलवत एकेक शब्द पुन्हा म्हणून दाखवत होती. ‘स्वयंपाक’ तिला काही केल्या येईना. दोनदा चुकली. विजयश्रीनं दोन्हीदा दुरुस्त केलं.