नावाडी माझ्यावरून गेला तेव्हा

मी पूल बोलतोय. शहराच्या नदीवरचा, तारांचा. बिस्किटांच्या डब्यांवर माझंच चित्र असतं. लोक मला बघायला येतात ते काठावर. तिथूनच फोटो काढतात आणि तिथूनच परत फिरतात.

बांधकाम चालू होतं तेव्हा माझी दोन टोकं नदीवर अधांतरी पुढे सरकत होती. ती जुळली त्या दिवशी कामगारांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मग ते सगळे दुसऱ्या कामावर गेले. मी राहिलो.

माझ्या पायथ्याशी एक नावाडी राहायचा. मी आलो आणि त्याची नाव रिकामी पडली. तो मान वर करून माझ्याकडे बघतही नसे. बायको मात्र म्हणायची, "अहो, एकदा वरून जाऊन येऊ या ना! आपलं घर वरून कसं दिसतं ते बघायचंय मला."

"नदी ओलांडायला मला त्या लोखंडाची गरज नाही," तो फटकारायचा.

मग पुराच्या दिवसांत तिच्या छातीत कळ आली. दवाखाना पलीकडे. नावाड्याने सवयीने नावेचा दोर हातात घेतला, पाण्याकडे बघितलं आणि दोर खाली टाकला.

रुग्णवाहिका आली. नेमका माझ्या मधोमध एक टेम्पो बंद पडलेला, मागे गाड्या तुंबलेल्या. मी एवढा अवाढव्य, पण बोटभर सरकून वाट देता येईना. शेवटी लोकच उतरले आणि टेम्पो ढकलत कडेला नेऊ लागले.

रुग्णवाहिकेच्या आतून तिचा क्षीण आवाज आला, "घर दिसतंय का हो?"

त्याने काचेतून खाली पाहिलं. "दिसतंय."

"कसं?"

"एवढंसं. तू बोलू नकोस गं."

ती वाचली. बरी होऊन ती घरी आल्यावर एका सकाळी तो एकटाच चालत वर आला. माझ्या एका तारेवर त्याने तळवा ठेवला.

"वेळेवर पोचवलंस, बाबा," तो म्हणाला.

माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. मला आणखी ऐकायचं होतं. पण पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली, "ओ काका, इथे थांबायचं नाही. चला पुढे!"

पुढे त्यांची मुलगी त्या दोघांना आपल्याकडे, दूरच्या शहरात घेऊन गेली. सामानाची गाडी माझ्यावरूनच गेली. पूल झाला की माणसं जवळ येतात, असं माझ्या उद्घाटनाच्या भाषणात ऐकलं होतं. त्याच पुलावरून ती कायमची निघूनही जातात, हे तेव्हा कुणी बोललं नव्हतं.

आता संध्याकाळी माझ्यावर रंगीत दिवे लागतात. त्या उजेडात खालचं बंद दार तेवढं लाल, निळं होत राहतं.

तुम्ही घाईत असता, ठाऊक आहे मला. पण माझ्यावरून जाताना गाडीची काच जरा खाली करा. वाऱ्याने माझ्या तारा घुमतात, तो आवाज आत येऊ द्या. मी तेवढंच बोलू शकतो.