ताटी काढल्याचा फोटो

आमचं कोसमटोला तालुक्यातलं सगळ्यात घाणेरडं गाव आहे, हे मला मोबाइलच्या पडद्यावर कळलं. मी ग्रामपंचायतीत संगणक चालवतो. दाखले काढतो, घरकुलाचे अर्ज भरतो, त्यामुळे असल्या बातम्या गावात सर्वांत आधी माझ्याच नशिबी येतात. नकाशावर चिचनाल्याची निळी रेघ होती. तिच्या काठाकाठानं सगळ्या गावांचे हिरवे ठिपके होते आणि आमच्या गावावर तेवढा लालभडक ठिपका. त्याला बोट लावलं की खाली अक्षरं उमटायची : 'प्लास्टिक कचरा – अतिगंभीर'.

तो ठिपका माझ्याच हातानं लागला होता. कसा, ते सांगतो.

आमच्याकडे मासेमारी करणाऱ्या ढिवरांची बारा घरं आहेत. पोळा झाला, पाणी उतरायला लागलं, की ही माणसं नाल्यात आडवी ताटी उभी करतात. बांबूच्या कामट्या वेलांनी बांधलेल्या, या काठापासून त्या काठापर्यंत. मधे एक तोंड ठेवतात आणि उतरत्या पाण्याबरोबर निघालेले मरळ, झिंगे त्या तोंडातून बांबूच्या सापळ्यात पडतात. दिवाळीपर्यंत बारा चुली या ताटीवर पेटतात. ताटीचा कारभार भागीरथाबाईंकडे. वय साठीच्या पुढे, अंगानं काटक, बोलणं थोडं आणि नेमकं. कुठली कामटी कुठं बांधायची हे त्यांना विचारल्याशिवाय कोणी पाण्यात पाय घालत नाही.

गेल्या पाच-सहा वर्षांत ताटीला मासळी कमी आणि प्लास्टिक जास्त लागायला लागलं. पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, चहाचे कप आणि सुपारी-तंबाखूच्या खर्र्याच्या पन्न्या. पन्न्या तर इतक्या, की आख्ख्या जिल्ह्याचं तोंड दिवसभर नुसतं खर्राच चघळतं का असं वाटावं. सकाळी बायका कमरेइतक्या पाण्यात उतरायच्या, आधी पन्न्या ओढून काठावर टाकायच्या आणि मग मासळीला हात लावायच्या. वाळल्या की पोत्यात भरायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. ताटी तुंबली तर मासोळी येत नाही, एवढंच त्यांचं कारण.

अशात 'निर्मळ प्रवाह' नावाचं अ‍ॅप आलं. तालुक्याच्या सभागृहात आम्हा ऑपरेटरांचं प्रशिक्षण झालं. नाल्यात प्लास्टिक दिसलं की फोटो काढायचा, जागा आपोआप नोंदली जाईल, कचरा कुठून कुठे जातो ते शासनाला कळेल, असं तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं. मी हुरळून गावी आलो आणि तडक नाल्यावर गेलो.

"बाई, आता एकही पोतं फोटो काढल्याशिवाय उचलू नोका," मी म्हणालो.

"फोटो काढून का होते?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"हे कुठून येऊन राह्यलं ते सरकारले समजते. मंग तिथीच बंद करतीन."

त्यांनी हातातलं पोतं खाली ठेवलं. मग बायकांना म्हणाल्या, "घ्या व, प्रफुल म्हंते तं काढू द्या फोटो."

पंधरा दिवसांत मी चारशे बारा फोटो चढवले. ताप असताना गेलो, पाऊस असताना छत्री मोबाइलवर धरून गेलो. आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला चार किलोमीटरवर असलेल्या खांबडीनं किती चढवले? एकही नाही. खांबडीचा मंगळवारचा बाजार नाल्याच्या अगदी काठावर भरतो. संध्याकाळी बाजार उठला की झाडून सगळं नाल्यात लोटतात. पण फोटो नाही म्हणजे कचरा नाही आणि कचरा नाही म्हणजे खांबडी हिरवीगार. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तेही मी माझा हात नाही, बारा घरांचा हात दाखवला होता.

लाल ठिपक्यापाठोपाठ आठवड्यानं नोटीस आली. सरपंच सोमाजीभाऊ ती घेऊन माझ्या टेबलाशी आले. त्यांचा चष्मा फुटला होता, म्हणून मलाच वाचायला लावली. ताटीमुळे नैसर्गिक प्रवाहास अडथळा होऊन कचऱ्याचा साठा होत आहे. सबब सात दिवसांत ताटी काढून टाकावी व काढण्यापूर्वीचा आणि काढल्यानंतरचा असे दोन फोटो अ‍ॅपवर चढवावेत. अन्यथा मासेमारीच्या परवानगीबाबत फेरविचार केला जाईल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मला इतका संताप आला की नोटीस फाडावीशी वाटली, पण तिची पोच माझ्याच सहीनं गेली होती.

भागीरथाबाईंनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"म्हंजे ताटी कचरा करते?"

"तसंच लिहिलं आहे, बाई."

"चाल मंग, साहेबाले दाखवू कचरा कोन करते तं."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोतं घेऊन एसटीनं तालुक्याला गेलो. साहेबांच्या खोलीत भागीरथाबाईंनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पोत्यातल्या पिशव्या एकेक करून मांडल्या, ताटीवरची मासळी निवडतात तशा शांतपणे. मिठाईवाल्याची पिशवी, खाली छापलेलं 'बाजार चौक, खांबडी'. कापडवाल्याची, खांबडी. चपलांच्या दुकानाची, खांबडी. बाईंना वाचता येत नाही, पण कुठल्या रंगाची पिशवी कुठल्या दुकानाची हे त्यांनी बाजारात फिरून विचारून ठेवलं होतं. एवढा तपास करून सरकारी अहवाल झाला असता तर त्यावर पाच सह्या लागल्या असत्या.

साहेब चांगले होते. म्हणजे ओरडले नाहीत. त्यांनी पिशव्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पटतं. पण सिस्टीम कचरा जिथे सापडतो तिथला धरते."

"सापडतो तिथला नाही, येतो तिथला धरा ना, साहेब," मी म्हणालो.

"तसा रकाना नाही त्यात."

"मग रकाना करा!" माझा आवाज चढला. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला.

भागीरथाबाईंनी मला हातानं गप्प केलं. "साहेब, तुमच्या घरी चोरी झाली. शेजाऱ्यानं चोराले मालासंगट धरून ठेवलं. तं तुमी शेजाऱ्याले आत टाकसान का?"

साहेब हसले. "बाई, तुम्ही मनाला लावून घेता. महिनाअखेर जिल्ह्याची बैठक आहे. तोवर माझ्या तालुक्यात लाल काही राहता कामा नये." मग जमिनीकडे बोट करून म्हणाले, "आणि जाताना हे तेवढं उचलून न्या. इथे घाण होते."

साठीपुढची बाई खाली बसून खांबडीच्या पिशव्या परत पोत्यात भरू लागली. मी मदतीला वाकलो. साहेबांनी तोवर दुसरी फाइल उघडली होती.

तिथून मी एकटाच खांबडीला गेलो. म्हटलं, सापडेल तिथलं धरतात ना, मग जिथून निघतं तिथंच सापडलं म्हणून दाखवू. बाजाराच्या मागं कचऱ्याच्या ढिगावर मोबाइल धरला. पडद्यावर आलं : 'आपण आपल्या कार्यक्षेत्राबाहेर आहात.' माझ्या लॉगिनला कोसमटोल्याच्या शिवेपलीकडचं जगच दिसत नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी नाल्यावर गेलो तेव्हा बाराही घरांच्या बायका काठावर बसल्या होत्या. भागीरथाबाई पाण्यात उभ्या होत्या. त्यांचा हात ताटीच्या पहिल्या गाठीवर होता.

"काढा म्हंते तं काढू," त्या म्हणाल्या. "नाई काढली तं परवानगीच खाऊन टाकतीन. मंग पुढच्या सालीबी ताटी नाई. या साली उपाशी राहू, मंग पाहू."

दिवाळीला पंचवीस दिवस होते. ऐन मासळीचे दिवस.

"थांबा, बाई," मी म्हणालो. "गाठ सोडू नोका."

मी ताटीचा फोटो काढला. हा काढण्यापूर्वीचा. मग काठानं खाली चालत गेलो, दोनशे पावलं, वळणाच्या पलीकडे. तिथं पाणी कसं होतं म्हणून सांगू! तळाची वाळू दिसत होती, एक पन्नी नाही, एक बाटली नाही. असणार कशी? सगळं वर ताटीनं धरून ठेवलं होतं. मी त्या पाण्याचा फोटो काढला आणि चढवला. हा काढल्यानंतरचा. अ‍ॅपला तेवढ्या पावलांचा फरक कळत नाही. संध्याकाळपर्यंत आमच्या गावचा ठिपका हिरवा झाला. चारशे बारा खरे फोटो आमच्या मुळावर आले होते आणि एका खोट्यानं आम्हाला सोडवलं.

मला वाटलं होतं भागीरथाबाई खूश होतील. मी नाल्यावर जाऊन मोबाइल दाखवला. त्यांनी हिरव्या ठिपक्याला बोट लावून पाहिलं.

"हे खोटं झालं नं, प्रफुल?"

"हो, बाई."

"मंग आता खांबडीची पन्नी इथी येते, हे कोनाच्या कागदावर राहीन?"

कोणाच्याच कागदावर राहणार नव्हतं. बायकांनी पोती भरणं सोडलं नाही. मंगळवारचा बाजार झाला की बुधवारी चार पोती, कधी पाच. त्यांचे फोटो मात्र मी पुन्हा काढले नाहीत. जिल्ह्याच्या बैठकीत चिचनाला प्लास्टिकमुक्त जाहीर झाला. ती बातमी मी वाचली आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दिवाळीनंतर तालुक्याच्या सभागृहात कार्यक्रम झाला. पहिलं बक्षीस खांबडीला. 'सर्वाधिक सुधारणा' म्हणून आम्हाला दुसरं. सोमाजीभाऊंनी भागीरथाबाईंना पुढे पाठवलं. साहेबांनी त्यांच्या हातात गुलाबाचं फूल दिलं, प्रमाणपत्र दिलं, आणि मग माइक त्यांच्यासमोर धरला.

"बाई, एका महिन्यात तुमच्या गावानं हे कसं साधलं, ते जरा सगळ्यांना सांगा."

भागीरथाबाईंनी पदर सारखा केला. समोर सगळ्या गावांचे सरपंच बसले होते, पहिल्या रांगेत खांबडीचे.

"आमी काई नाई केलं, साहेब," त्या म्हणाल्या. "खांबडीचा कचरा पयलेबी आमीच काढत होतो, आताबी आमीच काढून राह्यलो. फक्त फोटो काढनं बंद केलं."

खांबडीच्या सरपंचांनी साहेबांकडे पाहिलं. मग साहेब मोठ्यानं हसले. त्यांना तो विनोद वाटला, किंवा विनोद आहे असं ठरवणं त्यांना सोयीचं वाटलं. साहेब हसले म्हणून सगळे हसले, खांबडीचे सरपंचही हसले आणि टाळ्या सुरू झाल्या. भागीरथाबाई मंचावर तशाच उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या, आणि त्यांची नजर सभागृहात मला शोधत होती.

मीही टाळ्या वाजवत होतो. न वाजवणारा मी एकटाच दिसलो असतो आणि कोणीतरी विचारलं असतं की का नाही वाजवत. आमची नजरानजर झाली तेव्हा माझे हात थांबले, पण तोवर त्यांनी पाहिलं होतं.

परत येताना एसटीत त्या खिडकीशी बसल्या. खांबडीचा थांबा आला आणि गेला. त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.