पोचा आलेली पृथ्वी आणि दिशाची आई

मित्रांनो, ऐका ना, मला कधीपासून सांगायचंय! मी तिसगावच्या एका शाळेतला म्हातारा पृथ्वीगोल. निळा रंग उडालाय अन् आफ्रिकेत हा एवढा पोचा. नगरहून नवा आलो तेव्हा मला फिरवायला पोरं भांडायची. मग एकदा कपाटावरून पडलो, पोचा आला, अन् पाच वर्षं नुसती धूळ खाल्ली!

यंदा पूजा मॅडमनी मला पुसलं. म्हणाल्या, "मातृदिन मे महिन्यात, पण तेव्हा सुट्टी. आपण मार्चमध्येच करू. सगळ्यांनी आयांना आणा!"

मग काय, एकेकानं मला गरागरा फिरवून देश निवडला अन् तिथं आईचा दिवस कसा करतात ते सांगितलं. इंग्लंडात पूर्वी लोकांच्या घरी कामाला असलेल्या पोरी सुट्टी घेऊन आईकडं जायच्या, वाटेत फुलं तोडत. थायलंडात ऑगस्टमध्ये पोरं आईच्या पाया पडतात, मोगरा देतात. मेक्सिकोत पहाटे गाणी म्हणून आईला उठवतात.

"आमच्या आईला उठवलं तर लाटणंच येईल!" कल्याण म्हणाला.

सगळे हसले. दिशा नाही. तिची आई ऊस तोडायला गेलेली, साखर कारखान्याजवळ पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहायची.

"मॅडम, माझी आई मार्चात न्हाई येत. ऊसतोडीवाल्या आम्हा चौघींच्या आया न्हाई येत."

"आजीला आण की गं."

"आज्जी लई चांगली हाय. पण ती आई न्हाई."

मॅडमनी मला तिच्यापुढं सरकवलं.

दिशाला मिळाला इथिओपिया, बरोब्बर माझ्या पोच्याजवळ! तिनं मॅडमच्या मोबाईलवर वाचलं अन् उभी राहिली. "तिथं तारीख न्हाई ठरवत. पाऊस सरला, सगळी घरी आली, की सण. पोरी भाज्या अन् लोणी आणतात, पोरं मटण." मग हळूच म्हणाली, "आपण बी... सगळ्या आल्यावर करू?"

मॅडमनी फळ्यावरची तारीख पुसली. लिहिलं, 'शेवटची आई आल्यावर'.

एप्रिल आला. तिघींच्या आया आल्या. दिशाची नाही! सुट्टी चार दिवसांवर. अन् एका सकाळी धडधडत ट्रॅक्टर शाळेपुढंच थांबला. दिशा अनवाणी पळाली. हुश्श!

मग आपल्याकडं श्रावणात पिठोरी अमावस्येला आया करतात तसं केलं: आईनं 'अतीत कोण?', म्हणजे पाहुणा कोण, विचारायचं अन् लेकरानं 'मी' म्हणून मागून ताट घ्यायचं. दिशाची आई पाठमोरी बसली, चिरा पडलेल्या हातांनी शिऱ्याचं ताट डोक्यावरून मागं धरलं अन् विचारलं, "अतीत कोण?"

"मी!" कल्याण ओरडला.

"तू गप बस रं, खादाडा! अतीत कोण?"

"मी," दिशा म्हणाली, अन् रडायलाच लागली.

नंतर आई माझ्यापाशी आली. "ह्यात कारखाना कुठंय गं? अन् तिसगाव?"

दिशानं एक बोट टेकवलं. दोन्ही त्याच्याखालीच.

"एवढंच व्हय?" आई हसली.

मित्रांनो, पोचा असला तरी मला पुसत राहा, फिरवत राहा. अन् कुठलीही तारीख ठरवायच्या आधी एकदा वर्गात विचारा, कुणाची आई यायची राहिलीय का?