माझ्या अंगातली हळद

मित्रांनो, मी एक जुनं धनुष्य आहे. वय विचाराल तर अवघं दोन वर्षं. पण तडा गेला की धनुष्य जुनंच होतं. भिंतीवर टांगलेल्या वस्तूंनी गोड बोलावं अशी रीत आहे. मला मात्र राग आला आहे, आणि तो मी गिळणार नाही.

तलमडुगू गावच्या चंपतराव सुतारांनी मला धामण झाडाच्या लाकडातून घडवलं, मयूरीसाठी. मयूरी नववीत होती. दिवाळीनंतर आदिलाबादला तिरंदाजीची जिल्हा निवड चाचणी होती आणि तिच्याकडे स्वतःचं धनुष्य नव्हतं.

रंधा झाला, पॉलिश पेपर झाला. तरीही माझ्या अंगावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं उघडीच होती. झाड असताना त्याच वाटांनी मी पाणी प्यालो होतो. चंपतरावांनी स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवली, माझाच बारीक भुसा तिच्यात कालवला आणि फडक्याच्या बोळ्यानं लाकडाच्या रेघांना आडवं घासत छिद्रांत भरली. सुकू दिली, वरची खरवडली. असे तीन हात द्यायचे होते, प्रत्येक हातानंतर दोन दिवस थांबून.

पहिलाच हात झाला होता, तेवढ्यात मयूरीचा मोठा भाऊ वैभव आला. त्याचं भाजीचं दुकान आहे.

"काका, उद्या खंडेनवमी हाय. शस्त्राची पूजा नाही कराची काय?"

"अजून दोन हात बाकी हायेत. लाकडाची तोंडं उघडी हायेत, बापू."

"देव काय छिद्रं मोजून राह्यला?"

"देव नाही मोजत. पाणी मोजते."

वैभव हसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी चंपतराव जैनथच्या बाजाराला गेलेले पाहून तो परत आला आणि मला खुंटीवरून काढून घेऊन गेला.

मित्रांनो, माझी पूजा झाली! दुधापाण्यानं आंघोळ झाली. टोकापासून टोकापर्यंत ओली हळद फासली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, फोटो निघाले. सगळे हात जोडून उभे होते आणि मी प्रत्येक छिद्रातून ते पाणी पीत होतो. थांबवा, असं ओरडायला लाकडाला तोंड असतं, पण आवाज नसतो.

संध्याकाळी हळद पुसली, तर पुसली जाईना. वैभव घाबरला. त्यानं देवघरातली मेणबत्ती उघड्या छिद्रांवर घासली, वरून बाजारातून आणलेलं डबाबंद वार्निश मारलं आणि आठवड्यानं मयूरीला सांगितलं, "घे, काकांनी पूर्ण करून देल्लं."

शाळेत माझं केवढं कौतुक झालं! "आरशावानी चमकते!" पोरी म्हणायच्या. त्या कौतुकाची मला आजही लाज वाटते. आत ओल कोंडली होती आणि वर चमक होती. मेणावर वार्निश धरत नाही, हे चंपतरावांनी एका नजरेत ओळखलं असतं. पण मला त्यांच्याकडे परत नेलं कोणी? त्यांनी मागितलं, तेव्हा वैभव "उद्या आणतो" म्हणत राहिला.

चाचणीच्या दिवशी मयूरीचे पाच बाण नेमके लागले. सहाव्याला तिनं मला हनुवटीपर्यंत ओढलं आणि चर्र झालं. माझ्या पाठीवरची लांब कपची उभी राहिली आणि तिच्या मनगटात शिरली. पंचांनी हात वर करून तिला थांबवलं. तिची चाचणी तिथंच संपली.

तिचं रक्त पाहून मला राग नाही आला, दुःख झालं. राग आला तो नंतर. वैभव सगळ्यांपुढे म्हणाला, "त्या म्हाताऱ्यानं ओलं लाकूड देल्लं!"

चंपतराव मैदानाच्या कडेला उभे होते. ते जवळ आले, फाटलेली कपची नखानं वर केली. आत लाकूड पिवळंधमक होतं. नखात आलेला मेणाचा गोळा त्यांनी मयूरीच्या तळहातावर ठेवला.

"ही माही लाख नोहे, पोरी."

मयूरीनं हळदीकडे पाहिलं, मग भावाकडे.

"दादा, असं काऊन केलं?"

वैभव पाठ फिरवून गर्दीत शिरला.

तेव्हापासून मी चंपतरावांच्या भिंतीवर आहे. मयूरी सुट्टीच्या दिवशी इथं येते आणि स्वतःच्या नव्या धनुष्याची छिद्रं स्वतः भरते. आज पुन्हा खंडेनवमी. त्यावर लाखेचा दुसरा हात सकाळीच झाला आहे. मघाशी वैभव दारात आला, हातात पूजेचं ताट, मान खाली.

"मयू, नुसती हळद लावतो. बोटभर."

तिनं नव्या धनुष्यावर कोरडं फडकं टाकलं.

"ताट उंबऱ्यावर ठेव, दादा. परवा तिसरा हात होते, मग सुकते, मग लाव. देवाले थांबता येते. तुलेच येत नाही."

वैभवनं ताट ठेवलं आणि तो पायरीवर बसून राहिला. तो खरंच थांबणार आहे की नाही, ते मी इथून पाहतो आहे.

मित्रांनो, माझी पूजा करा, नाही कोण म्हणतं? पण माझ्यापुढे हात जोडण्याआधी, ज्या हातांनी मला घडवलं त्यांचं काम पुरं होऊ द्या. अर्ध्यावर उचलून आणलेल्या वस्तूला घातलेली माळ मला अजून टोचते.