तिसऱ्या आवर्तनाचा महिमा

क्रांती चौकाजवळच्या त्या जलसंशोधन संस्थेत सकाळी अकरालाच कॉम्प्युटरभोवती गर्दी जमली होती. मॉनिटरला गंध लावलं होतं, उदबत्ती धुमसत होती. विहिरींच्या पाण्याचा अंदाज सांगणारा फोर्ट्रान या संगणकभाषेतला जुना प्रोग्राम फक्त सदाशिवकाकांच्या हातून कंपाइल होतो, म्हणजे चालण्याजोगा तयार होतो, अशी सगळ्यांची पक्की समजूत.

"पहिल्या आवर्तनात यंत्र जागं होतं, दुसऱ्यात प्रसन्न होतं, तिसऱ्यात फळ देतं," काका म्हणत आणि मंत्र पुटपुटत एंटर दाबत. पहिल्यांदा पडद्यावर ढीगभर चुका, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा शून्य. चार वर्षं असंच चाललं होतं.

आज तिसऱ्यांदाही चुका राहिल्या.

"नवी फाइल कुणी घातली?" काकांनी विचारलं.

"मी," संस्थेतली तरुण प्रोग्रामर करुणा म्हणाली. तिला या तमाशाचा पार वीट आला होता.

"तरीच! यंत्राला सोवळं लागतं, बाई. प्रत्येकाच्या हाताला यश नसतं."

'सोवळं' हा शब्द तिच्या आईनं पाचोड गावच्या विहिरीवर, पाण्याला शिवू नकोस म्हणून, ऐकला होता. लेकीला तो एसीच्या खोलीत ऐकायला मिळाला. फार लागला.

संचालक राजेंद्र सर म्हणाले, "करुणा, उद्यापासून तू नुसते आकडे भर. प्रोग्रामला हात लावू नकोस."

"दहा मिनिटं द्या, सर. मग तुम्ही म्हणाल तसं."

तिनं आधीच्या फेऱ्यांत तयार झालेल्या सगळ्या फायली पुसल्या. काकांना सगळे मंत्र म्हणू दिले, पण एंटर एकदाच. ढीगभर चुका. पुन्हा पुसलं, उदबत्ती विझवली आणि मंत्र न म्हणता चारदा एंटर दाबलं. चौथ्यांदा शून्य.

"अगं माय!" चहा घेऊन आलेल्या चंपाबाई म्हणाल्या. "बिगर मंतराचंच झालं की!"

"पुरण शिजायच्या आधी पोळी भरता येते का, मावशी? इथं एका फाइलीला दुसरीतलं मॉड्यूल, म्हणजे आधी तयार झालेला तुकडा, लागतं. आपली स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला दिलेली कामांची यादी, फायली नावाच्या अक्षरक्रमानं घेते. जिला हवं ते तयार नाही, ती अडते. पण बाकीच्यांची मॉड्यूल्स फोल्डरमध्ये राहतात आणि पुढच्या फेरीला कामी येतात. रात्री फोल्डर आपोआप रिकामं होतं, म्हणून रोज पुन्हा पहिल्यापासून. साखळी तीन पायऱ्यांची होती, म्हणून तीन आवर्तनं. माझ्या फाइलीनं चौथी पायरी वाढली."

तिनं स्क्रिप्टमध्ये फायलींचा क्रम नीट लावला, पुन्हा सगळं पुसलं. एकच एंटर. शून्य चुका. काका चष्मा पुसत बसले.

"उद्यापासून प्रोग्राम तूच बघ," सर ओशाळून म्हणाले.

"बघते. पण कुठलं मॉड्यूल सापडत नाही, हे यंत्र चार वर्षं रोज लिहून दाखवतंय. हात जोडण्याआधी ते वाचत जा, सर." करुणा थकून खुर्चीत बसली. "आणि कुणाचा हात लागला हे यंत्राला कळत नाही. ते फक्त माणसांना कळतं."