चादरीला चार कोपरे

चादर दोघींच्या मधे हवेत ताणलेली होती, तेवढ्यात ऑफिसच्या काचेवर टकटक झाली. धुलाईखान्यात त्या टकटकीचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता: थोरलीला बोलावणं आलं. थोरलीनं घाई केली नाही. हातातली घडी पुरी केली, थप्पीवर ठेवली, वरून एकदा तळहात फिरवला आणि मगच निघाली.

थोरली म्हणजे घड्यांच्या खोलीची कारभारीण. तशी तिच्या जोडीला असणारी मावशी तिच्याहून वयानं मोठी आणि नोकरीनंही मोठी. पण मावशीला कुणाला दरडावणं या जन्मात जमलं नव्हतं, म्हणून थोरपण हिच्या गळ्यात पडलं आणि तेच नाव झालं. मागच्या बाजूला यंत्रं हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी धुवायची, पिळायची, तापलेल्या रुळांतून दाबून काढायची. पुढच्या खोलीत सहा बायका तीन जोड्यांनी त्यांच्या घड्या घालायच्या. बावीस वर्षं थोरलीनं जगाकडे चादरीच्या वरच्या काठावरून पाहिलं होतं.

मालकांच्या टेबलावर एक छापील कागद होता. किमान पगार वाढला होता. पहिल्या तारखेपासून.

मालक वाईट माणूस नव्हते. कागदावर बोट ठेवून त्यांनी सगळं समजावून सांगितलं. बॉयलरचं इंधन महागलंय, हॉटेलांचे दर जुनेच आहेत, वडिलांनी एका इस्त्रीवर उभा केलेला धंदा आहे. बोलताना त्यांचा आवाज मधेच खाली जात होता. खोटं बोलणाऱ्याचा आवाज असा खाली जात नाही, हे थोरलीला कळत होतं.

"सहाच्या पाच करायच्या," ते शेवटी म्हणाले. "कोण जाणार, ते तुम्ही सांगा. शनिवारपर्यंत."

"मीच का?"

"तुम्ही रोज बघता. मी नाव काढलं तर मनमानी म्हणतील."

"आणि मी काढलं तर काय म्हणतील?"

मालकांनी कागदाची घडी घातली. वाकडी घातली. थोरलीचे हात शिवशिवले.

दाराशी पोचल्यावर तिनं स्वतःच्या पगाराचं विचारलं. तिचा पगार नव्या आकड्याच्या जेमतेम वर होता, म्हणून तो आहे तिथेच राहणार होता. म्हणजे चार महिन्यांपूर्वी आलेली चिमणी आणि बावीस वर्षं राबलेली थोरली यांच्यात आता केसाएवढं अंतर. एकेक पायरी चढत आपण वर यावं, आणि मागून येणाऱ्यांना कुणी अख्खा जिनाच उचलून द्यावा, तसं तिला झालं. मग त्या विचाराची तिलाच लाज वाटली. चिमणीच्या ताटात वाढलं तर आपलं पोट का दुखावं? पण दुखलं, थोडंसं. माणूस आहे, दुखणारच.

खोलीत बातमी तिच्याआधीच पोचली होती, अर्धी. पगार वाढल्याची. चिमणी सगळ्यांना सांगत होती की आता आपण सगळ्या मोठ्या घरच्या झालो, घड्या घालायला नोकर ठेवायला हवेत. सगळ्या हसल्या. थोरलीही हसली, पण मावशीच्या नजरेला नजर देऊ शकली नाही. दोघी पुन्हा चादरीच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या, आणि उरलेला दिवस मावशीनं तिला एक शब्द विचारला नाही. न विचारणाऱ्याला सगळं कळलेलं असतं.

संध्याकाळी घरी परतताना मावशी दर विजेच्या खांबापाशी थांबायची. गुडघा दुखतो म्हणायची नाही, खांबावरच्या जाहिराती वाचायची. तिसऱ्या खांबापाशी ती म्हणाली, "थोरले, माझं नाव सांग."

"कसलं नाव?"

"माझ्यापुढे भोळी होऊ नकोस. मी तुला घडी शिकवलीय." जाहिरातीवरची नजर तिनं काढली नाही. "पोरींची वयं आहेत. माझं काय, आज ना उद्या."

थोरलीला माहीत होतं, तितकं ते सोपं नव्हतं. मावशी मुलाकडे राहायची. सून वाईट नव्हती. पण मावशी स्वतःच एकदा हसत म्हणाली होती की घरात माझा पगार येतो तोवर चहा मला विचारून करतात. पगार थांबला की चहा केला असेल तर मिळेल. ते हसू थोरलीच्या मनात काट्यासारखं राहिलं होतं.

घरी तिच्या नवऱ्यानं सायकलचं पंक्चर काढता काढता निवाडा दिला. जो शेवटी आला तो आधी जातो, जगाची रीत आहे. चिमणीचा हात सगळ्यांत चलाख आहे, असं थोरली म्हणाली. मग जो हळू तो जाईल, नवरा म्हणाला आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधू लागला. पुढचे दोन दिवस थोरलीनं नाव या विषयाला हात लावला नाही.

शुक्रवारी मावशी आलीच नाही.

निरोप नाही, चिठ्ठी नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. थोरलीनं ओळखलं: नाव घ्यायला जड जाऊ नये म्हणून म्हातारीनं स्वतःच स्वतःला वजा केलं होतं.

दोन जोड्या कामाला लागल्या. थोरलीला जोडी उरली नाही. तिनं लांब टेबल ओढलं, त्यावर चादर पसरली आणि एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे भोवऱ्यासारखी फिरू लागली. हा कोपरा धरावा तर तो निसटतो, तो सावरावा तर मधे सुरकुती पडते. बाराला हॉस्पिटलची गाडी यायची होती. अकरा वाजले तरी थप्प्या कमरेएवढ्याही नव्हत्या, आणि मागून गरम चादरी येतच होत्या.

मालक बाहेर आले. "काय चाललंय काय? मावशी कुठायत?"

"आल्या नाहीत. आज पाचजणी आहोत, मालक. तुम्हाला हव्यात तेवढ्याच."

हे ती टोचून बोलली नाही. बोलता बोलताच तिनं चादरीचे दोन कोपरे त्यांच्यापुढे केले. "धरा."

मालकांनी घड्याळाकडे पाहिलं, बाह्या सरसावल्या आणि कोपरे धरले. पहिल्याच झटक्याला इतकं ओढलं की थोरलीच्या हातातलं टोक सुटलं. चिमणीनं हसू लपवायला तोंड भिंतीकडे केलं.

"चादर आहे, मालक. रस्सीखेच नाही."

दुसरी बरी जमली. तिसरी उलटी झाली. लहानपणी हेच मालक या चादरींखालून पळायचे आणि मावशी त्यांना कानाला धरून बाहेर काढायची. आता त्यांचे केस पिकायला लागले होते.

घडी घालताना बोलायचं तर एक अडचण असते. टोकांना उभं राहिलं की रुळांच्या आवाजात काही ऐकू येत नाही. चादर दुमडत दोघं जवळ आली की क्षणभर तोंडासमोर तोंड येतं, तेवढ्यात बोलायचं. की पुन्हा लांब. म्हणून त्या दिवशीचं सगळं बोलणं चादरी-चादरीनं झालं.

"मावशी हळू आहेत ना?" मालकांनी जवळ येऊन विचारलं.

पुढच्या चादरीला थोरली म्हणाली, "आहेत. चार वर्षं झाली, गुडघा वाकत नाही. त्या जागेवरून हलत नाहीत. दोघींची पावलं मीच चालते."

"मग नाव सांगायला अवघड काय होतं?"

"मागच्या वर्षी इथे अकरा पोरी आल्या. नऊ गेल्या. कुणी दुकानात गेली, कुणी बिस्किटांच्या कारखान्यात." पुन्हा लांब, पुन्हा जवळ. "प्रत्येकीला घडी कुणी शिकवली? मावशींनी. शिकली की गेली. नवीच्या हातच्या चादरी हॉटेल परत पाठवतं, त्या पुन्हा धुवायच्या. त्याचं पाणी, साबण, इंधन तुम्ही कुठे धरता?"

मालकांनी पुढची चादर उचलली, ती दुमडत थोरली पुन्हा जवळ आली.

"या वाढलेल्या पगारात आता कोण सोडून जाणार आहे? या चिमणीनंच काल कारखान्याला येत नाही म्हणून कळवलं."

"हाकललंत तरी नाही जायची मी," चिमणी पलीकडून म्हणाली. तिला बरोबर ऐकू येत होतं.

"आणि हॉटेलवाले? ते दर वाढवून देतील?"

"कागद काय तुम्हा एकट्यालाच आलाय? पलीकडच्या धुलाईवाल्यालाही आलाच असेल. हॉटेलवाले काय चादरी नदीवर नेऊन धुणार?"

त्यानंतर मालक आणखी दहाएक चादरींच्या घड्या घालत राहिले. गाडी अर्धा तास उशिरा सुटली. ते कंबर धरून स्टुलावर बसले आणि तळहातांकडे पाहत म्हणाले, "मला वाटत होतं, सहातली एक गेली की पाच उरतात."

"कागदावर उरतात. या खोलीत चार उरतात, मालक. पाचवी नुसती टेबलाभोवती फिरते."

मालक उठता उठता म्हणाले की नाव राहू दे. पण नवी पोरगी एकही घ्यायची नाही, वर्षभर तरी. कुणी आजारी पडलं तर आपसांत भागवायचं, आणि हॉटेलांशी मी बोलतो.

"आणि माझ्या पगाराचं?"

"बघू," मालक म्हणाले. हा असा शब्द आहे की त्यावर चूलही पेटत नाही आणि तो टाकूनही देता येत नाही. थोरलीनं तो जपून ठेवला.

संध्याकाळी ती मावशीच्या दारात उभी राहिली. सगळं ऐकून मावशी रागावली. तुला कुणी सांगितलं होतं माझ्या गुडघ्याचं गाऱ्हाणं चव्हाट्यावर मांडायला, म्हणाली. सून चहा ठेवायला आत गेली तसं तिनं थोरलीचं मनगट घट्ट धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

चार महिने गेले. हॉटेलांनी कुरकुर केली, दर थोडे वाढवून दिले. एका लहान हॉटेलनं काम काढून घेतलं आणि ते परत आलं नाही. मात्र एकही पोरगी गेली नाही. परत येणारे गठ्ठे कमी झाले. पोरींचे हात असे बसले की थप्प्या बाराच्या आधीच दाराशी लागू लागल्या. फाटकावरची 'कामगार पाहिजेत' ही पाटी मालकांनी काढून टाकली.

पाटी नव्हती, तरी एका सकाळी एक पोरगी फाटकाशी उभी राहिली. जेमतेम विशीची असेल. इथे पगार चांगला मिळतो असं ऐकून आले, म्हणाली. थोरलीनं तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. उभ्या माणसाला नाही म्हणू नये, असं तिला वाटायचं. मग सांगितलं की जागा नाही, आणि इतक्यात निघणारही नाही.

पोरीनं मान हलवली. नाही ऐकायची सवय झालेल्या माणसासारखी. पाणी मात्र शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

"कधी घडी घातलीयस, बाळ?" मावशीनं विचारलं.

"घरच्या."

"घरच्या निराळ्या." मावशीनं आपल्या हातातले कोपरे तिच्यापुढे धरले. "ये. रिकाम्या हातानं जाऊ नकोस. बाजारामागे दुसरा धुलाईखाना आहे. तिथे विचारलं तर घडी येते म्हणून सांग, खोटं नको पडायला."

पोरगी बिचकत पुढे आली. मावशी बाजूला सरकली, टेबलाला टेकली, आणि नव्या हातांना ताल लावून देताना ती जे म्हणायची ते म्हणू लागली:

*दोन कोपरे तुझे गं, दोन कोपरे माझे,*
*मधे येऊन वाटू गं, निम्मे निम्मे ओझे.*

थोरलीनं पलीकडचं टोक धरलं. पोरगी चुकली, मावशीनं थांबवलं, पुन्हा सुरू केलं. चौथ्या चादरीला कोपऱ्यावर कोपरा बसला. दोघी समोरासमोर आल्या तेव्हा पोरीच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू होतं. थोरलीनं मान डोलावली.

पोरगी निघाली तेव्हा थोरली फाटकापर्यंत गेली. रस्ता सरळ होता, लांबवर दिसत होता. गर्दीतून पोरगी चालली होती, बाजाराच्या दिशेनं, आणि चालताना तिचे दोन्ही हात थोडे पुढे होते, दोन्ही चिमट्या अजून मिटलेल्या.