भट्टीवाल्या बाबांची आरती

“बोलो भट्टीवाले बाबा की...”

“जय!”

पत्र्याच्या शेडमध्ये असा गजर झाला की शरयूच्या कडेवरची पद्मा दचकून रडायलाच लागली.

शहराच्या लष्कर भागातल्या त्या शेडमध्ये एक जुना उभा बॉयलर होता. त्याच्यावर शिकाऊ लोकांना बॉयलरचे बिघाड शोधायला शिकवत. शरयू तिथे शिकणाऱ्या नवऱ्याचा, मधुसूदनचा, डबा घेऊन आली होती, पण दारातच अडकली. वर्गातली माणसं होतीच; शिवाय जवळच्या दौलतगंज बाजारातले दुकानदार, टांगेवाले, नारळ घेतलेल्या बायका. मधोमध भगव्या लुंगीतले बाबा बॉयलरला पंचारती ओवाळत होते. अगदी सावकाश. प्रत्येक नळापाशी, प्रत्येक चाकापाशी थांबत.

“लोहा रोता है, बेटा! तुम्ही कोळसा घालता, हा रडतो. ऐकायला कान पाहिजेत!” बाबांची आरती एका जागी थबकली. “यहाँ! याच्या गळ्यात काटा अडकलाय.”

वर्ग घेणाऱ्या विश्वासराव मास्तरांनी पाना लावला. पाणी आत घेणारा व्हॉल्व उघडला, तर आत चिंध्यांचा बोळा. पुन्हा गजर.

हा बोळा मास्तरांनीच घातला होता. वर्गाची रीतच ती. आदल्या संध्याकाळी सगळे गेले की मास्तर एकट्याने एखादा बिघाड करून ठेवत, आणि सकाळी शिकाऊंनी तो डोळ्यांनी, कानांनी, हातांनी हुडकायचा. मास्तर तो कुणाला सांगत नसत, घरीसुद्धा नाही. म्हणून तर चमत्कार बिनतोड! मास्तरांच्या पोटातलं ज्यांना कळतं, त्यांना लोखंडाच्या पोटातलं कळणारच.

“बघितलंस?” डबा घेताना मधुसूदनचा चेहरा फुलला होता. “बिलकुल चूक नाही. एकदाही नाही.”

“आणि तुम्ही काय शोधलंत आज?”

“बाबा असताना मी काय शोधू?”

वर्ग संपला की मधुसूदनला गिरणीचा बॉयलर सांभाळायचा होता. राहायला खोलीही मिळणार होती, बॉयलरघराच्या भिंतीला लागून. शरयू कॉलेजात फिजिक्स शिकली होती. कोंडलेल्या वाफेची गणितं तिने परीक्षेत सोडवली होती. आता त्याच वाफेपासून एका भिंतीच्या अंतरावर पद्माचा पाळणा टांगायचा होता.

“गिरणीतही बाबा येणार आहेत,” मधुसूदन म्हणाला. “दर सोमवारी. मालकांशी बोलणं झालंय.”

“आणि बॉयलर मंगळवारी बिघडला तर?”

“तुझं कॉलेज घरी ठेवून येत जा गं!”

ती घरी गेली, पण जिवाला चैन नव्हतं. भात उतरवताना एकदम ध्यानात आलं की पद्माचा आवाज येत नाही. रांगतं मूल गप्प झालं की आईने घाबरायचंच. कोळशाच्या डब्याच्या झाकणावर धुळीत पाच बोटं उमटली होती. पुढे फडताळाची कड पुसलेली. तो माग काढत शरयू दाराआड पोचली. पद्मा कोळसा चघळत मजेत बसली होती.

तिचं तोंड धुता धुता शरयू थांबली. पोरीने एक शब्द उच्चारला नव्हता. कुठे कुठे हात लावून आली ते धुळीनेच सांगितलं होतं. आणि त्या शेडमध्ये तर वर्षानुवर्षांची काजळी! बाबा ओवाळतात ते कशाला? हातात उजेड धरून प्रत्येक नळापाशी जायला मिळतं!

ती तशीच पद्माला घेऊन मास्तरांकडे गेली.

“वहिनी, आईची शप्पथ, मी कुणाला बोललेलो नाही,” विश्वासराव कळवळून म्हणाले. “पोरं आता मलाच विचारतात, मास्तर, तुम्ही बाबांचे चेले का?”

शरयूने काजळीचं सांगितलं. मास्तरांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले.

“आज बिघाड करूच नका,” ती म्हणाली. “सेफ्टी व्हॉल्ववरची काजळी नुसती पुसून ठेवा.”

“बिघाड करायची गरजही नाही. आत पाणी किती ते दाखवणारी काच आहे ना, तिच्या खालच्या नळीत विहिरीच्या पाण्याचा चुना बसलाय. साफ करणारच होतो.”

“तिथे कुणाचा हात लागलाय?”

“कुणाचा नाही. ते आतल्या आत झालंय.”

“मग उद्यापर्यंत राहू द्या.”

“विस्तव मंद ठेवीन,” मास्तर म्हणाले, “आणि मी स्वतः जवळ उभा राहीन.”

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. बाबांची आरती पाण्याच्या काचेवरून सरकली आणि क्षणभरही थांबली नाही. सेफ्टी व्हॉल्वपाशी मात्र बाबांचे डोळे मिटले. “अरे रे! साँस अटकी है इसकी!”

मास्तरांनी व्हॉल्व सर्वांना दाखवला. अगदी ठणठणीत.

“भाग गया!” बाबांनी त्रिशूळ आपटला. “माझ्या धाकाने दोषच पळाला!”

“जय!” लोक ओरडले. शरयूला हसूही येईना.

“म्हणजे बाबा, बॉयलर आता निर्दोष?” मास्तरांनी विचारलं.

“खरा सोना.”

“मधुसूदन, काचेत पाणी किती?”

“अर्ध्यावर.”

“काचेचा वरचा नळ बंद कर. तळाचा, पाणी बाहेर सोडायचा, उघड.”

काचेतलं पाणी भसकन निघून गेलं. त्याच्यामागून बॉयलरचं उकळतं पाणी उसळायला हवं होतं. थेंबही आला नाही. मास्तरांनी पाण्याची पातळी तपासायची बाजूची तोटी उघडायला लावली. जिथे पाणी यायला हवं तिथून वाफ फिस्कारली. मधुसूदनने हात मागे घेतला.

मास्तरांनी भराभर भट्टीतला विस्तव बाहेर ओढला. “काच खोटं सांगत होती. पाणी केव्हाच खाली गेलंय. गिरणीत अर्धी काच बघून तू कोळसा घालत राहिला असतास. आतला पत्रा उघडा पडून लाल झाला असता, आणि बॉयलर फुटला असता.”



शरयू पुढे झाली. “बाबा, आरती द्या जरा.” तिने दिवा सेफ्टी व्हॉल्वच्या काजळीपाशी धरला. “बघा. मास्तरांचा पाना लागतो तिथली काजळी पुसली जाते, उजेडात तेवढी जागा चमकते. बाबा मास्तरांचा हात शोधतात, बिघाड नाही. काचेला कुणाचा हात लागला नव्हता, म्हणून लोहा आज रडला नाही.”

“बेटी,” बाबा मायेने म्हणाले, “पढ़ी-लिखी औरत में श्रद्धा नहीं होती.”

“माझ्याजवळ मुलगी आहे, बाबा. तिला त्या भिंतीमागे निजवायचंय.”

बाबा निघाले, आणि अर्धी गर्दी नारळ घेऊन त्यांच्या मागे गेली. “बाईची नजर लागली हो,” असंही कुणीतरी म्हणालं. मधुसूदन तिच्याकडे बघत नव्हता. त्याने तोटी घट्ट बंद केली. मग तो मास्तरांना म्हणाला, “माझं नाव गिरणीला कळवू नका. मला काही येत नाही.”

“जागा जाईल रे.”

“जाऊ दे. पहिल्यापासून शिकवा.”

जागा गेली, खोलीही गेली. गिरणीत दुसरा माणूस लागला, आणि सोमवारी तिथे बाबांची आरती होते म्हणे. त्या भिंतीला लागून कुणाचं तरी घर असणारच. शरयूच्या डोक्यातून ते जात नाही.

म्हणून सांगणं एवढंच. एका माणसाने लपवलेलं दुसऱ्याने ओळखलं, तर हात जोडायच्या आधी त्याने ते कशावरून ओळखलं हे विचारा. मग कुणीच न लपवलेलं एखादं शोधून दाखवायला सांगा. आणि उत्तर येईपर्यंत विस्तव ओढून घ्या.